मध्येच उठून गेलेला पाहुणा

५ मे

मुर्मान,

फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही. तोडलंस तरी निदान मला ऐकू येत नाही. म्हणून पत्र.

नुक्रीचा मेहुणा बातुमीला मिनीबस नेतो, त्याच्या हाती पाठवते आहे. नुक्री आठवतो ना? शाळेत तुझ्या मागे बसून तुझीच उत्तरं उतरवायचा आणि तुझ्यापेक्षा जास्त गुण मिळवायचा. आता पोट सुटलंय, टक्कल पडलंय, पण वळण तेच. तेलावीहून परदेशी प्रवासी गाडीत घालून आणतो आणि आपल्या मांडवाखाली बसवतो. त्यांना सांगतो, आमच्याकडे हजारो वर्षं वाइन अशीच होते, मातीच्या रांजणात, जमिनीच्या पोटात. ते रांजणघरात जातात, जमिनीतून वर आलेली रांजणांची तोंडं बघतात आणि देवळात आल्यासारखे हळू बोलायला लागतात. मग जेवतात. मग मी भांडी घासते.

तुला न विचारता हे सुरू केलं. विचारायला तू होतास कुठे? घर चालायला हवं, आणि बाबांना माणसं लागतात. टेबलाभोवती माणसं असली की ते अजून पूर्वीचे असतात. पेला हातात घेऊन उभे राहिले की पाठ सरळ होते, आवाज खणखणीत. पेला उचलून बोलणारा तमादा म्हणून अख्ख्या खोऱ्यात त्यांच्या तोडीचा कुणी नाही, हे तुलाही मान्य करावं लागेल, तू त्यांचं दुसरं काही मान्य करत नसलास तरी.

नुक्री प्रवाशांना नियम समजावून सांगतो. तमादा बोलल्याशिवाय पेला ओठाला लावायचा नाही, आणि त्याला विचारल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. हा दुसरा नियम सांगताना तो माझ्याकडे बघतो. मी आपली पाव कापत राहते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात रांजण धुऊन घेतले. शेजारचा अवतो आत उतरला आणि बाबा तोंडाशी ओणवे होऊन त्याच्याशी बोलत राहिले, तुझ्याशी बोलायचे तसेच. आत जीव गुदमरतो, म्हणून आतल्याचं उत्तर थांबलं की ओढून बाहेर काढायचं. पण दोन-तीनदा त्यांनी त्याला तुझ्या नावाने हाक मारली. अवतो चांगला माणूस आहे, त्याने "ओ" दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मोठ्या रांजणाला झाकण ठेवून बाबा वर ओली माती लिंपत होते. अगदी नीट, कडेने बोट फिरवून. रांजण रिकामा होता, मुर्मान. कालच धुतलेला. मी म्हटलं, "बाबा, यात काही नाहीये." तर माझ्यावरच डाफरले, "भरलेला रांजण कुणी उघडतं का? अक्कल गहाण टाकलीस का?" अजून तो तसाच लिंपलेला आहे. प्रवाशांना ते अभिमानाने दाखवतात.

मी थकले आहे, हे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या ओळींमध्ये ते सारखं डोकावणार नाही. या वर्षी तोडणीला ये. मला मदत हवी म्हणून नव्हे. ती माणसं मिळतात. बाबा अजून बाबा आहेत तोवर ये.

दारेजान


२३ जून

मुर्मान,

उत्तर नाही. नुक्रीचा मेहुणा म्हणतो, पत्र तुझ्या हातात दिलं आणि तू ते न फोडता खिशात घातलंस. खिशात का होईना, घातलंस.

आज तुला हसवते. तसंही इथे माझ्याशिवाय कुणी हसत नाही, आणि मलाही आता हसण्याचा कंटाळा येतो.

परवा चार जण आले होते, जर्मन. त्यातली एक बाई चष्मेवाली, शिक्षिका असावी, सारखी प्रश्न विचारणारी. बाबांनी पहिला पेला देवाच्या नावाने उचलला, दुसरा शांततेसाठी, तिसरा आईबापांसाठी. तो फार छान झाला. आजोबांनी आजीला घोड्यावरून पळवून आणलं आणि वाटेत घोडाच पळून गेला, ती सगळी गोष्ट आली. नुक्रीने भाषांतर केलं, पाहुणे हसले, प्यायले. मग बाबांनी चौथा पेला उचलला. आईबापांसाठी. आजी, आजोबा, घोडा, सगळं पुन्हा पहिल्यापासून, शब्दाला शब्द.

माझ्या हातात चीज भरलेल्या खाचापुरीचं ताट होतं, ते तसंच राहिलं. नुक्रीने डोळ्याची पापणी हलू दिली नाही. जर्मन भाषेत शांतपणे काहीतरी बोलला आणि सगळ्यांनी द्राक्षवेलींच्या दिशेने पेले उंचावले. मागून मला म्हणाला, "मी वेलींचं सांगितलं. जमीन, मूळ, घाम, असलं काहीतरी. मला वाटतं बरं झालं."

पाचवा पेलाही आईबापांसाठी. नुक्रीने त्याचे डोंगर केले. एव्हाना बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण घोडा पळतो तिथे ते नेहमी रडतात. चष्मेवालीने विचारलं, डोंगरांसाठी एवढे का रडतात? नुक्री म्हणाला, "आमच्या लोकांचा डोंगरांवर फार जीव असतो." तिलाही रडू आलं. जाताना तिने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, एका माणसाला इतक्या वेगवेगळ्या गोष्टींवर इतकं बोलता येतं हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. मग तिथेच खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठवेना.

नुक्री म्हणतो, "दारेजान, परमेनकाका हवं तेवढ्यांदा घोडा पळवू देत. मी आहे. पण एक दिवस असा कुणीतरी येईल ज्याला आपली भाषा येते. मग काय करायचं?"

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. गेलेल्यांसाठी पेला उचलला तेव्हा बाबांनी पाव मोडला, प्रत्येक नावाला त्यावर वाइनचे दोन थेंब सोडले. त्यात त्यांनी एक नाव असं घेतलं की नुक्रीने भाषांतर सोडून माझ्याकडे बघितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आलास की सांगेन.

वेलींवर घड चांगले धरलेत. गारपीट नाही झाली तर बरं.

दारेजान


१० ऑगस्ट

मुर्मान,

पोचलं तुझं पत्र. त्याला पत्र म्हणावं का, हा प्रश्नच आहे. एक ओळ: "त्याने आधी कबूल करावं, मग बघू."

बघ हं, तू बंदरावर क्रेन चालवतोस, दिवसभर उंचावर बसतोस, खालची माणसं तुला मुंग्यांएवढी दिसत असतील. पण मी तुझ्यापेक्षा मोठी आहे आणि मी खाली, जमिनीवर राहते. तेव्हा आज माझं ऐक.

आई कशी गेली ते मला तुझ्याकडून शिकायचं नाहीये. तिच्या पोटात दुखत होतं तेव्हा तिच्या शेजारी मी होते. तोडणी चालू होती, तुडवायच्या डोणीत द्राक्षं पडलेली, माशा घोंघावत होत्या. बाबा म्हणाले, "एवढी तोडणी उरकू दे नुत्सा, मग तेलावीला दाखवून आणू." आई म्हणाली, "हो, उरकू दे." तिनेच म्हटलं. पण त्यांनी ऐकायला नको होतं, हेही खरं. हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी हे कधी नाकारलं नाही.

तिच्या वर्षाच्या जेवणाला अख्खं गाव बसलं होतं. बाबांनी तिच्या नावाचा पेला उचलला, बोलले, आणि पुढचं बोलायला तुझ्याकडे दिला. मुलाने आईबद्दल बोलावं म्हणून. तू उभा राहून म्हणालास, "हिला दुखण्याने नाही मारलं. तुम्ही मारलंत. चार टोपल्या द्राक्षांसाठी." पेला उपडा ठेवलास आणि निघालास. बाबा ओरडले, "त्या फाटकातून बाहेर गेलास तर मला मुलगा नाही." तू गेलास. फाटक उघडंच टाकून गेलास, आणि ते लावायला मला जावं लागलं. तेव्हापासून तुम्हा दोघांमागे फाटकं लावत फिरणं हेच माझं काम झालंय.

नऊ वर्षं मी वाट बघितली की तुमच्यातला कुणीतरी एक शहाणा होईल. आता ऐक. ज्याच्याकडून तुला कबुली हवी आहे तो माणूस संपत चाललाय. काल त्यांनी मला "ताई, तुम्ही कुठल्या गावच्या?" असं विचारलं. अगदी अदबीने. मी म्हटलं, "इथलीच." म्हणाले, "बरं झालं. जेवून जा."

भांडणाचं तर त्यांना काही आठवत असेल असं मला वाटत नाही. मी मुद्दाम एकदा विषय काढून बघितला, तर वेलींची छाटणी कशी करायची ते सांगत बसले. राग फक्त तुझ्याकडे उरलाय. एकट्याने किती दिवस सांभाळणार आहेस?

तू आलास तर ते तुला ओळखतीलच अशी खात्री मी देत नाही. पण न येऊन तुला काय मिळणार आहे, तेवढं मला एका ओळीत कळव. तुला एक ओळ लिहिता येते, हे आता कळलंय.

दारेजान


२१ सप्टेंबर

भावा,

तुझी अट मान्य. मुलगा म्हणून नाही, पाहुणा म्हणून येशील. ठीक आहे. जगभरातून लोक प्रवास करून आपल्या घरी वाइन प्यायला येतात, तूही तसाच ये. हसू आलं मला, पण मान्य.

नुक्रीशी बोलले. तोडणीच्या पहिल्या दिवशी तो एक चेक जोडपं आणतो आहे. तू तेलावीला बसस्टँडवर थांब, तो तुला त्यांच्याबरोबर गाडीत घेईल. बाबांना तो तुझ्याबद्दल काही सांगणार नाही. त्यांनी ओळखलं तर ओळखलं. तुझी दाढी काढू नकोस असं तो म्हणतो. मी म्हणते काढून ये. बघ तुला काय वाटतं ते.

दोनच गोष्टी सांगते. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतील, चेहरा वाकडा करू नकोस. आणि टेबलावर काहीही कानांवर आलं तरी उठू नकोस. शेवटपर्यंत बस. हे मी बहीण म्हणून नाही सांगत, इथे राबणारी बाई म्हणून सांगते. मला आणखी एक फाटक लावायचं त्राण नाही.

तुला आवडायची तशी अक्रोड घालून वांगी करते आहे. पाहुण्यांसाठीच करते, तुझ्यासाठी नाही. तू पाहुण्यांत बसणार आहेस एवढंच.

दारेजान


४ ऑक्टोबर

मुर्मान,

तुझा फोन वाजतो, तू घेत नाहीस. आज रागावले नाही. फोनवर मला हे सांगताच आलं नसतं.

आधी माझी चूक. जूनच्या पत्रात जे नाव मी लिहिलं नव्हतं ते तुझं होतं. बाबांना वाटतं तू गेलास. वारलास. वसंतापासून तेच त्यांच्या डोक्यात बसलंय. मी किती वेळा सांगितलं, बाबा, मुर्मान बातुमीला आहे, बंदरावर क्रेन चालवतो, धडधाकट आहे. ते म्हणतात, "माझी समजूत घालू नकोस पोरी. जिवंत असता तर इतक्या वर्षांत एकदा तरी आला असता." याला मी काय उत्तर द्यायचं ते तूच सांग.

तुला आधीच कळवायला हवं होतं. पण मला वाटलं, हे वाचून तू येणारच नाहीस. म्हणशील, मला जिवंतपणी गाडलं म्हाताऱ्याने. टेबलावर तुझ्या तोंडावर मला हेच दिसलं.

तू दाढी ठेवूनच आलास. सकाळी मळ्यात बाबांनी तुझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हात कष्टाचे आहेत, पण द्राक्षाचे नाहीत." मग तुझ्या हातात कात्री दिली आणि घड कसा तोडायचा ते शिकवलं. "देठ धर. असा. पिरगळायचं नाही, वेलीला दुखतं." तू गपचूप त्यांच्याकडून शिकलास. चुकीचा तोडलास, त्यांनी पुन्हा शिकवलं, तू पुन्हा चुकीचा तोडलास. मी घराच्या पायरीवरून बघत होते. तुला घड तोडता येत नाही हे मला पटवू नकोस. तू सहा वर्षांचा असल्यापासून तोडतो आहेस. त्यांनी तुझा हात सोडू नये म्हणून तू चुकत होतास.

त्या वेळी मला वाटलं, झालं. एवढं पुरे. आता हे दोघं असेच बसतील, जेवतील, आणि मी एक दिवस स्वस्थ झोपेन.

मग टेबल. तू टोकाला बसलास, चेक नवऱ्याशेजारी. पेले चालू झाले. घोडा दोनदा पळाला. नुक्री सवयीने तुझ्याकडे वळून अर्धं वाक्य भाषांतर करून बसला आणि मग लाल झाला. तूही हसलास. इतक्या वर्षांनी मी तुझे दात बघितले.

त्यानंतर बाबांनी पाव हातात घेतला. आजोबांचं नाव घेतलं, आजीचं, नुत्साचं. मग म्हणाले, "आणि माझा मुर्मान." थेंब पडले. तू खुर्ची मागे ढकललीस आणि गेलास.

तुला वाटलं ते तिथे संपलं. मुर्मान, ते तिथे सुरू झालं.

मी तुझ्यामागे पळणार होते, पण बाबांनी हात वर केला. "जाऊ दे त्याला, वारा हवा असेल," म्हणाले. "बोलणं अर्धं सोडता येत नाही." आणि उभ्याउभ्याच बोलले. जसं ऐकलं तसं लिहिते, एकही शब्द माझा नाही.

"माझा मुलगा. खरं बोलायची खोड होती त्याला. याच टेबलावर, गावासमोर, मला म्हणाला, आईला तुम्ही मारलंत. मी त्याला हाकललं. लोक म्हणाले, परमेन, बरं केलंस. कसलं बरं? द्राक्षं थांबली असती. दोन दिवस उन्हात पडून सडली असती, तर सडली असती. नुत्सा नाही थांबली. तो बरोबर बोलला होता, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं. फाटकापर्यंत गेलोसुद्धा. तिथे पाय अडले. मग म्हटलं, उद्या जाऊ. मग म्हटलं, तोडणी होऊ दे. बघा, माझं नेहमी तेच, तोडणी होऊ दे. आणि तो गेला. आता पावावर वाइन ओततो. दुसरं काय करू?"

मला वाटत होतं ते भांडण विसरले. नव्हते विसरले. बाकी सगळं विसरलेत, माझं नावसुद्धा, पण ते नाही. तुला ऑगस्टमध्ये मी उगाच बोलले.

चेक बाईने हळूच विचारलं, काय म्हणाले? मी नुक्रीकडे बघितलं. मला वाटलं आता तो पुन्हा डोंगर काढणार. पण त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं, अडखळत. बाई उठून बाबांजवळ गेली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून उभी राहिली.

मग कुठे मी फाटकाशी पोचले. तू वळणापलीकडे गेला होतास. हाका मारल्या. ऐकू आल्या असतील तर थांबला नाहीस, आल्या नसतील तर माझाच आवाज आता तेवढा उरला नाही. नुक्री नंतर गाडी घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन आला. म्हणाला, कुठल्यातरी ट्रकमध्ये बसून गेला असणार.

परत आले तर बाबा तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तुझा पेला भरलेलाच होता.

मला म्हणाले, "त्या दाढीवाल्याला काय झालं? त्याचं कुणी गेलंय का?"

मी म्हटलं, "नाही बाबा. त्याचं त्याच्या बापाशी पटत नाही. फार वर्षं बोलत नाहीत दोघं."

"बाप आहे का अजून?"

"आहे."

"मग हा इथे काय करतोय?" बाबा चिडले. खरंच चिडले, पूर्वीसारखे, टेबलावर हात आपटून. "स्वतःचा बाप असताना लोकांच्या बापाची वाइन कसली पितोय? त्याला म्हणावं घरी जा. बाप आधी बोलणार नाही. बाप गाढव असतात. मी स्वतः आहे, मला विचार."

मी खाली बसले. दमले होते, मुर्मान. इतकी दमले होते की मनात आलं ते सरळ विचारून टाकलं. "आणि तो गेला, आणि बापाने ओळखलंच नाही तर?"

बाबांनी विचार केला. बराच वेळ केला, पावाचे तुकडे बोटाने गोळा करत. हल्ली एवढा वेळ त्यांचं लक्ष एका ठिकाणी राहत नाही.

मग म्हणाले, "तर आपलं नाव सांगावं. एवढ्या लांब यायचं आणि नाव न सांगता निघून जायचं, ही कुठली रीत?"

निरोप त्यांचा आहे. मी फक्त पोचवला.

दारेजान